गुरुजींसाठी चटणीचा डबा

दानम्मानं चार महिने ओट्यावर मोबाईल उभा करून बालशिक्षणाचा ऑनलाइन कोर्स केला. अगदी फुकट! मैंदर्गीत बसून, घर न सोडता शिकायला मिळतंय म्हटल्यावर आणखी काय हवं होतं? पास झाली तर अक्कलकोटच्या एका बालवाडीत बाईंची नोकरी मिळणार होती. तिथल्या मॅडमनी महिनाअखेरपर्यंत जागा धरून ठेवली होती. अडचण एकच, शंका आली तर विचारायला पलीकडं माणूसच नव्हतं. तिनं तीनदा प्रश्न लिहून पाठवला आणि तिन्ही वेळा 'आपला संदेश मिळाला' एवढंच छापील उत्तर आलं. तिसऱ्या वेळी बिचारी रडलीच.

परीक्षेला मात्र कडक पहारा. मोबाईलचा कॅमेरा चालू, खोलीत दुसरं कुणी दिसलं की पेपर बंद. संधी दोनच.

त्या सकाळी सासूबाईंनी, ईरम्मांनी, घर चिडीचूप केलं. शेळी लांब नेऊन बांधली, नातवंडं शेजारी धाडली, दारात आलेल्या भांडीवालीला नुसत्या हातवाऱ्यांनी पिटाळलं. अर्ध्या तासानं त्यांना एकदम आठवलं. सून परीक्षेला बसली आणि तिच्या हातावर दही-साखरच ठेवली नाही! लेकाच्या दहावीला ठेवली होती, लेकीच्या नर्सिंगला ठेवली होती. वाटी घेऊन म्हातारी चवड्यांवर चालत आत शिरली.

"धर गं पटकन," त्या कुजबुजल्या.

पेपर बंद झाला.

दानम्माला रडूही येईना. अजून एक संधी आहे, हे सांगायचंही तिला सुचलं नाही. काय झालं ते कळल्यावर ईरम्मांनी मोबाईलपुढं बसकण मारली आणि हात जोडले.

"गुरुजी, चूक माजी हाय. मला अडानीला तुमचा नियम ठावं न्हवता. पोर लई अभ्यास करती. तिला पुन्यांदा बसू द्या की."

पडदा केव्हाच काळा पडला होता. दानम्मानं तोंड फिरवून डोळे पुसले.

आठ दिवसांनी शेवटची संधी आली. या खेपेला दानम्मानंच आधी हात पुढं केला. ईरम्मांनी दही-साखर ठेवली आणि पेपर होईस्तोवर देवळात जाऊन बसल्या.

दानम्मा पास झाली. पडद्यावर 'अभिनंदन' उमटलं तशी ती पळतच देवळात गेली. ईरम्मांनी कानशिलावर कडाकडा बोटं मोडली.

दुसऱ्या दिवशी त्यांनी शेंगाचटणीचा डबा सुनेपुढं धरला.

"तुज्या गुरुजींना पोचव. इचारलं तर बोलत न्हाईत म्हनत हुतीस, माजं ऐकलं की त्यांनी!"

दानम्मानं सांगायला तोंड उघडलं. दुसरी संधी पहिल्यापासून नियमातच होती, आणि त्या दिवशी म्हातारीचं ऐकायला पलीकडं कुणीच नव्हतं. पण तिच्यानं सांगवेना. तिनं डबा घेतला, बाजूला ठेवला आणि वाकून सासूच्या पाया पडली.

"माज्या कशाला? गुरुजींच्या पड की," ईरम्मा म्हणाल्या.

"त्यांच्याच पडले, आत्याबाई."