तिसरा फ्रॉक

समुद्रावर एक दिवस जाऊन यायचं म्हटलं, तर नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं. सुट्टीला ताईकडे आल्यापासून दोराबाई ती विघ्नं निस्तरत होती. दोराबाई हे तिला गिऱ्हाइकांनी पाडलेलं नाव. बोलताना तिच्या ओठांत दोरा नाही, असं कधी व्हायचंच नाही. गावी तिचं शिवणाचं दुकान होतं, पदरात दोन मुली होत्या आणि या सुट्टीत मनात एकच गोष्ट होती: थोरल्या बहिणीला एकदा तरी समुद्रापाशी न्यायचं.

ताईची एकुलती एक लेक समुद्रात बुडाली, त्याला बरीच वर्षं झाली. त्यानंतर ताईने बदली मागून घेतली ती अशा शहरात, की पहाटे निघावं तेव्हा कुठे उन्हं चढता चढता लाटा दिसाव्यात. तेव्हापासून ती कामावर जायची, घरी यायची आणि येता-जाता फरशी पुसायची. माणूस इतकं काय पुसतं, असं दोराबाईला पहिल्याच दिवशी वाटलं होतं. पण दुःखाने वेडी झालेल्या माणसाला फडक्यावरून कोण बोलणार!

गाडी शेजारच्या गाडीवाल्याची ठरली. डब्यांत काय न्यायचं ते ठरलं. खिडकीत कोणी बसायचं यावरून मुलींच्या झिंज्या ओढून झाल्या. ताई मात्र विचारलं की "बघू" म्हणायची, आणि ताईचं 'बघू' म्हणजे 'नाही', हे दारातल्या मांजरालाही कळलं असतं. शेवटी निघायच्या आदल्या दिवशी ती म्हणाली, "बघू. पाणी जास्त घे, उन्हात पोरींना तहान लागते." दोराबाईला तेवढ्यानेच आभाळ ठेंगणं झालं.

दुपारी तिने ताईचं जुनं मशीन पुसून घेतलं आणि भडक केशरी कापड पसरलं. किनाऱ्यावर गर्दी असते, पोरी लांबून ओळखू याव्यात म्हणून दोघींना एकाच कापडाचे फ्रॉक शिवायचे होते. ऊन आत येऊ नये म्हणून खिडक्या लावलेल्या होत्या. खोलीत तिन्हीसांजेसारखा उजेड होता.

दोराबाईची माप घेण्याची रीत जगावेगळी. गळ्यातली टेप नुसती शोभेला. ती खाली मान घालून बसायची, समोरच्या पोराच्या खांद्यावर, पाठीवर, कमरेशी वीत टाकायची आणि माप बोटांत आहे तोवर कापडावर कात्री चालवायची. मान वर केली की बोटांतलं माप सांडतं, असं तिचं म्हणणं. हिच्यापुढे वासरू उभं केलं तरी त्याला फ्रॉक शिवेल, असं तिचा नवरा चारचौघांत म्हणायचा.

थोरली उभी राहिली, चुळबुळ करत सुटली. दोराबाई म्हणाली, "पुढची." धाकटी आली, गुदगुल्या होतात म्हणून खिदळली आणि पळाली. "पुढची," सवयीने तोंडातून गेलं. सुट्टीच्या दिवसांत दुकानात पोरांची रांगच लागायची, त्यामुळे जीभ थांबली नाही.

पुढची आली. शहाण्यासारखी स्तब्ध उभी राहिली. खांदे अरुंद, पाठ गार, अंगावरचं कापड ओलं. मोरीत पाणी खेळून आली वाटतं, असं म्हणत दोराबाईने वीत टाकली, कात्री चालवली आणि तिला जायला सांगितलं.

संध्याकाळी मुली नवे फ्रॉक घालून घरभर नाचल्या, तरी मशीनवर एक फ्रॉक उरला. दोराबाई त्याच्याकडे बघत राहिली. दोघींना जवळ घेऊन तिने विचारलं, तुमच्यातली कोण दोनदा उभी राहिली? कोणीच नाही, असं दोघी म्हणाल्या. माप झाल्या झाल्या त्या गाडी बघायला खाली गेल्या होत्या. दोराबाईची पाचावर धारण बसली. तिने फ्रॉक पिशवीत कोंबला, पण मागे वळते तो दारात ताई.

"तो कोणाचा?" ताईने विचारलं.

"चुकून जास्त शिवला."

"माप घेतल्याशिवाय तू कात्री उचलत नाहीस."

मग दोराबाईने सगळं सांगून टाकलं. आपण आता हिची जखम उकरतोय, या विचाराने तिला रडू येत होतं. ताई रडली नाही, घाबरलीही नाही, आणि त्यानेच दोराबाईच्या अंगावर काटा आला. ताईने फ्रॉक पिशवीतून काढला, बाहीतून हात घालून पाहिला.

"वाढली नाही," ती म्हणाली.

ती मग हळूहळू बोलली. घरात ओली पावलं उमटतात, ती पुसते. पुसली की दुसरीकडे उमटतात. पण लेक कधी दिसली नाही, कधी हाताला लागली नाही. "मी इतकी वर्षं तिच्यामागे फडकं घेऊन फिरतेय. माझ्याजवळ नाही आली. तुझ्यापुढे मात्र मापाला उभी राहिली." ताईच्या आवाजात दुःख होतं तितकाच मत्सरही होता.

"तिला आपल्याबरोबर यायचं असेल, ताई."

"तिथे नेली तर परत येईल का ती?"



ताई मशीनपाशी येऊन दोराबाईच्या जागी बसली. तिने खाली मान घातली, हात पुढे केले आणि दोराबाईसारखंच म्हणाली, "पुढची." बराच वेळ काही झालं नाही. मग तिचे हात हवेत एका जागी थांबले आणि बोटं वळली, लहान पोराच्या दंडांवर वळावीत तशी. फरशीवर पाणी ठिबकू लागलं. दोराबाईने मुलींना आतल्या खोलीत नेलं आणि कडी लावून घेतली.

उजाडायच्या बेताला गाडी आली. ताई तशीच बसलेली होती. मान खाली, हात तिथेच, बोटांची पेरं पांढरी पडलेली. समोर पाण्याचं थारोळं साचलं होतं आणि ते कोणी पुसलं नव्हतं. दोराबाई तिच्याजवळ उकिडवी बसली. त्या दोन हातांच्या मधे बघायचा तिला धीर झाला नाही. दुकानात शिकाऊ पोरींना सांगायची तेच ती बोलली.

"ताई, इतकं आवळून माप घेत नाहीत. श्वासाला जागा ठेवावी लागते."

"तिला कशाला लागतोय श्वास?" ताई म्हणाली. "सैल सोडलं की ती गाडीत जाऊन बसेल."

खाली हॉर्न वाजला. दोराबाईने बहिणीच्या मनगटाला हात लावला, तर ते लाकडासारखं ताठ होतं. तिने मुलींना बाहेर बोलावलं, त्या थारोळ्याच्या कडेकडेने दाराशी नेलं आणि डब्यांची पिशवी उचलून जिना उतरली. मोठ्या बाई येत नाहीत का, असं गाडीवाल्याने विचारलं.

"यायची होती," दोराबाई म्हणाली, "पण तिची मुलगी घरी आहे."