काउंटेसची टोपली

देवानं मला तोंड दिलं लोरिस आल्तामोरेचं आणि धंदा दिला डुकराचे खूर विकायचा. नेपल्सच्या सानिता वस्तीत माझी गाडी आहे. उकडलेले खूर आणि वासराचं मुस्कट कापायचं, वर लिंबू पिळायचं, बैलाच्या शिंगात भरलेलं मीठ झटकायचं. लोरिस मात्र बडा स्टार, रोज संध्याकाळी टीव्हीवर. पांढरा सूट, पांढरे दात, आणि दर दहा मिनिटांनी स्वर्गवासी आईची आठवण. ती काउंटेस होती म्हणे, पियानो वाजवायची म्हणे. त्याची खरी आई, फिलोमेना मावशी, माझ्या गाडीच्या बरोबर वर तिसऱ्या मजल्यावर राहते आणि दर शनिवारी खुरांसाठी दोरीला बांधून टोपली खाली सोडते. वस्तीतल्या लहानथोरांना हे ठाऊक होतं. मावशीसाठी सगळे तोंड शिवून बसले होते.

आणि आमची इम्मा. इमाकोलाता तिचं पूर्ण नाव, पण ते हाकारायला कुणाला वेळ आहे? वडिलांच्या मागे तिनं फोटो स्टुडिओ चालवला. लग्नं, बारशी, पांढऱ्या झग्यातली पोरं. एका लग्नात एक नामांकित गायक पाहुणा म्हणून आला, तर नवरीनं त्याच्यासोबत चाळीस फोटो काढून घेतले आणि नवऱ्यासोबत तीन. इम्मा कॅमेरा घेऊन तडक माझ्या गाडीवर आली.

"आनिएल्लो, उद्या दाढी कर आणि स्टुडिओत ये. तुला लोरिस करते."

"वेड लागलंय का तुला?"

"वेड त्यांना लागलंय. मी फक्त त्याचे फोटो काढणार."

दुसऱ्या दिवशी माझ्या डोक्यावर केसांचा टोप, अंगात पांढरा सूट. लोरिस गुडघ्यावर बसून स्वतःचाच पुतळा पुसतोय, असा पहिला फोटो. तो तिनं दुकानाच्या शटरवर डकवला. सकाळी रस्ता तुंबला. पुढच्या आठवड्यात लोरिस सासूसमोर वाटाणे सोलतोय. मग लोरिस आरशाला सही देतोय. तिसऱ्या वर्षी मिलानचं मासिक दारात आलं, सातव्या वर्षी पॅरिसहून माणसं. मला लोक सही मागू लागले, मी खुराच्या कागदावर देऊ लागलो. नवव्या वर्षी शहरातल्या मोठ्या संग्रहालयानं इम्माला दोन दालनं दिली. ज्या दारातून तिच्या बापाला कधी आत घेतलं नव्हतं, त्या दारावर तिचं नाव लागणार होतं. पत्र वाचून ती ढसाढसा रडली, आणि मग मलाच शिव्या घातल्या, की बघतोस काय, खूर दे.

उद्घाटनाला तीन आठवडे असताना लोरिसची नोटीस आली. प्रदर्शनातले अठराच्या अठरा फोटो खोटे आहेत, माझ्या खानदानाची विटंबना आहे, ते जाळा, निगेटिव्ह जाळा, आणि या बाईनं पुन्हा कॅमेऱ्याला हात लावता कामा नये.

इथं एक गोम होती. अठरापैकी सतरांतला लोरिस मी होतो. अकराव्यातला नव्हतो. तो इम्मानंच सव्वीस वर्षांपूर्वी काढलेला होता. माझ्या बापाच्या गाडीवर, बनियनवर उभा राहून, हनुवटीवरून ओघळ येईपर्यंत खूर चापणारा एकोणीस वर्षांचा पोरगा. तो साक्षात लोरिस होता, तेव्हाचा साबातीनो. नावगाव न लिहिता इम्मानं तो मुद्दाम मधोमध टांगायचं ठरवलं होतं. सगळ्या खोट्यात एक खरा, बघू कोण ओळखतंय, म्हणून.

मी म्हटलं, "फिलोमेना मावशीला साक्षीला बोलाव. एका वाक्यात खटला खलास."

ती माझ्यावर खेकसली. "मी त्याला हसते, त्याच्या आईला नाही. मावशीचं नाव काढलंस तर शिंग तुझ्या टाळक्यात घालीन."

कोर्टात गर्दी मावेना. न्यायाधीशबाई एकेक फोटो उचलून विचारत होत्या, "हे तुम्ही?" लोरिस म्हणे, "छे, हा तो खुरवाला." दहा वेळा तसंच झालं. अकरावा वर आला. लोरिसचा रंग उडाला, पण क्षणभरच. "हाही तोच," म्हणाला. "आमच्या घराण्यातलं कुणी त्या वस्तीत पाऊल ठेवत नाही."

मला राहवेना. "बाईसाहेब, मागं बघा. शिंग धरून उभा आहे तो मी. आता एक तर मी मीठ घालीन, नाही तर खाईन!"

कोर्ट हसलं. पण लोरिसचा वकील पक्का होता. दोन फोटो जोडून केलेली बनवाबनवी, म्हणाला. इम्मानं निगेटिव्ह पुढं केली. त्यानं ती उजेडात धरली आणि त्याचे डोळेच चमकले. "एकच चित्र? सुटं कापलेलं? बाईसाहेब, कुठलाही फोटोग्राफर फिल्मच्या पट्टीतून एक चित्र असं कापत नाही. सगळी पट्टी असते. ही घरी बनवलेली आहे!"

त्याचं खरं होतं. इम्मा स्वतः स्टुडिओतल्या पोरींना शिकवताना हेच सांगते. बाईंनी विचारलं, "पट्टीतलं पुढचं चित्र कुठं आहे?"

मी इम्माला इतकी पांढरी पडलेली कधी पाहिली नव्हती. तीस वर्षांचं काम त्या एका प्रश्नावर लटकत होतं, आणि ही बया मान खाली घालून म्हणाली, "ते मी सांगू शकत नाही."

"मी सांगते."

मागच्या बाकावरून आवाज आला. काळा कोट, हातात पिशवी, फिलोमेना मावशी. बाजूला होण्याआधी प्रत्येकाला तिचा कोपर खावा लागला. पुढं येऊन तिनं पिशवीतून प्रार्थनेचं पुस्तक काढलं, त्यातून पाकीट, त्यातून फिल्मचा इवलासा तुकडा.

"माझा पोरगा टीव्हीवर मला पुरून मोकळा झाला, त्या दिवशी ही माझ्याकडे आली. म्हणाली, मावशी, हा फोटो तुमचा आहे, माझ्याकडे राहिला तर कधीतरी रागाच्या भरात माझ्याच हातून बाहेर पडेल. माझ्यासमोर कात्री लावली हिनं. नऊ वर्षं मी मेलेली आहे बाईसाहेब, मी हूं की चूं केलं नाही. पण माझ्यापायी या पोरीला खोटी म्हणता?"

न्यायाधीशबाई खिडकीशी गेल्या. दोन्ही तुकडे काचेवर कडेला कड लावून धरले. कात्री थोडी तिरकी गेली होती. त्या तिरक्या रेषेवर दोन्ही तुकडे चपखल बसले. एकात साबातीनो खातोय. पुढच्यात मावशी ॲप्रनच्या टोकानं त्याची हनुवटी पुसतेय आणि तो तोंड फिरवतोय.

"डाव्या हातानं खातोय बघा," मावशी म्हणाली. "किती मारलं, पण सवय गेली नाही."

बाईंनी लोरिसला विचारलं, "या कोण?"

त्यानं डाव्या हातातलं पेन खाली ठेवलं. मग आमच्या गल्लीतल्या बोलीत, टीव्हीवर कधीच न काढलेल्या आवाजात म्हणाला, "आई आहे माझी."

दावा तिथंच फेटाळला. कोर्टाच्या पायऱ्यांवर वस्तीनं इम्माला खांद्यावर घेतलं, आणि ती वरून ओरडत होती, "उतरवा रे मेल्यांनो, कॅमेरा पडेल!" मी त्या दिवशी गाडीवरचे सगळे खूर वाटून टाकले. इतका आनंद मला माझ्या लग्नातही झाला नव्हता, आणि हे बायको ऐकत असतानाच लिहितोय.

त्या शनिवारी टोपली खाली आली ती रिकामी, खुरांच्या पैशांशिवाय. पाठोपाठ मावशीचा आवाज. "इम्मे! वर ये. एखादा उंच टोप आण, खोटे मोतीही आण. मी काउंटेस होते ना? मग कर की मला काउंटेस!"

उद्घाटनाला रांग चौकाबाहेर गेली होती. पहिल्या दालनात अठरा फोटो, दुसऱ्यात एकच, भिंतीएवढा. तिसऱ्या मजल्याची खिडकी. उंच केशरचना, गळ्यात मोत्यांच्या पाच माळा, ताठ मान, आणि हातात टोपलीची दोरी. खाली दोन शब्द, तिच्याच सांगण्यावरून: फिलोमेना, जिवंत.

मावशी त्याच्यासमोर उभी राहिली. मागं लोक दाटीनं उभे होते, त्यांत काळा चष्मा लावलेला एक जण डाव्या हातानं डोळे पुसत होता. मावशीनं वळून पाहिलं नाही.

"मोती खरे वाटतात गं," ती इम्माला म्हणाली. "टोपली दिसतेय ना नीट?"

"दिसतेय मावशी."

"मग झालं."