तोरणाखालून गाडी

यशवंतराव खवशांची गाडी अख्ख्या छिंदवाडा जिल्ह्यात एकच होती, आणि ही गोष्ट ज्याला ठाऊक नाही असा माणूस सौंसरच्या बाजारात त्यांनी शिल्लक ठेवला नव्हता. कंपनीनं ती मोठ्या थाटात काढली, पण तिचं पेट्रोल पिणं बघून लोकांनी लांबूनच हात जोडले. शेवटी नागपूरच्या दुकानात एक गाडी धूळ खात पडली होती, ती यशवंतरावांच्या नजरेस आली. दुकानदारानं त्यांना आत बसवलं, इंजिन चालू केलं आणि म्हणाला, करंगळीनं फिरवून बघा. यशवंतरावांनी स्टिअरिंगच्या चाकाला करंगळी लावली, ते गरकन फिरलं, आणि सौदा तिथंच संपला.

आता ज्याचा डावा हात संत्र्याच्या झाडावरून पडून कायमचा लुळा झालाय, जो गिअर टाकू शकत नाही, त्यानं गाडी घ्यावीच कशाला, असं कोणीही विचारेल. गावानंही विचारलं. पण यशवंतरावांचा हात गेल्यापासून खवशांचं घर बसलं असं लोक बोलू लागले होते, आणि ते बोलणं त्यांच्या कानावर यायचं. म्हणून गाडी आली. घरी आलेल्या पाहुण्याला चहा झाला की ओसरीवरून उठवून गाडीत बसवायचं आणि करंगळीनं चाक फिरवायला लावायचं, हा त्यांचा नेम झाला. "पावर आहे तिच्यात, पावर," ते सांगायचे. आत एक पंप असतो, तो तेल ढकलतो आणि माणसाच्या ऐवजी तोच चाकं वळवतो, हे त्यांनी गावातल्या म्हाताऱ्याकोताऱ्यांनाही पाठ करून टाकलं होतं.

गाडी चालवायला पांढुर्ण्याचा अरविंद नावाचा ड्रायव्हर ठेवला होता. पण तो महिन्यातून चारदा घरी पळायचा, आणि तेवढ्यात संत्र्यांच्या पेट्या बाजारात न्यायची वेळ आली की गाडी दारातच उभी. मुलगा हेमंत नागपूरला शिकायला. मग यशवंतरावांच्या बायकोनं, पंचफुलानं, अरविंदकडून गाडी शिकून घेतली. तिनं जन्मभर बैलबंडी हाकली होती, नांगर धरला होता, बैलांच्या वेसणी ओढल्या होत्या. करंगळीनं फिरणारं चाक तिला पोरखेळ वाटलं. मोहगावच्या रस्त्यानं डोक्यावर पदर घेऊन गाडी चालवणारी बाई बघायला पहिले काही दिवस माणसं बांधावर उभी राहायची. नंतर त्यांना कंटाळा आला. तिला मात्र आला नाही.

त्या वर्षी ज्येष्ठात खवशांच्या जोडीतला एक बैल साप डसून गेला. हे संकट साधं नव्हतं. गावच्या पोळ्यात तोरणाखालून पहिली जायची ती खवशांची जोडी, हा मान पंचफुलाच्या आजेसासऱ्यापासूनचा. एकट्या बैलाला रांगेत उभं करता येत नाही, उसना बैल चालत नाही, नवी जोडी एवढ्यात जमली नाही. आणि एका वर्षी मान सुटला की तो मागच्या जोडीकडे जातो, म्हणजे मधुकर गावंड्याकडे. मग तो परत मिळत नसतो. पंचफुला त्या घरात आली तेव्हापासून दर पोळ्याला त्या जोडीचे पाय तिनं धुतले होते. बैल आजारी पडला तर रात्र तिनं काढली होती. मान नवऱ्याच्या नावाचा असला तरी तो आपल्या हातांनी राखलाय असं तिला वाटायचं, आणि ते खोटं नव्हतं. घर बसलं म्हणणाऱ्यांना आता पोळ्याच्या दिवशी भर मैदानात ते दाखवता येणार, या विचारानं तिला जेवण जाईना.

यशवंतरावांनी पंचांपुढं जोडीऐवजी गाडीची गोष्ट काढली तेव्हा पंच आधी हसले, मग भांडले, मग विचारात पडले. वयानं सगळ्यात मोठे गजाननबुवा. त्यांनी निवाडा दिला की जे घरात राबते ते तोरणाखालून जाऊ शकते, आणि गाडी पेट्या वाहते, म्हणजे राबते. पण बैलांचे नियम तिलाही लागू. कासरा घरच्याच माणसाच्या हाती पाहिजे, भाड्याचा माणूस चालायचा नाही. तोरणाआधी मारुतीच्या देवळाला वळसा घालताना जोडी अडली तर मागची जोडी पुढं जाईल. मधुकर मिशीत हसला. यशवंतरावांचा हात सगळ्यांना माहीत होता.

"हेमंतची माय चालवीन," यशवंतराव म्हणाले, आणि उठून आले.

पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी बैलांचे खांदे शेकायचे असतात. वर्षभर जुवाखाली घासलेल्या खांद्याला तूप आणि हळद चोळायची, आणि उद्या जेवायला ये म्हणून आवतण द्यायचं. पंचफुलानं गोठ्यात उरलेल्या म्हाताऱ्या बैलाचा खांदा शेकला आणि तांब्या घेऊन गाडीपाशी आली. बैलाच्या रांगेत उभी राहणार, तर तिचाही खांदा शेकायलाच हवा. पण गाडीला खांदा कुठं? अरविंद पोळ्याला आणि दुसऱ्या दिवशीच्या गोटमारीला, म्हणजे तिथल्या दगडफेकीच्या जत्रेला, पांढुर्ण्याला निघाला होता, पिशवी खांद्याला लावून. तिनं त्याला विचारलं. त्यानं थट्टेनं बॉनेट उघडलं आणि आतला एक काळा पट्टा दाखवला. म्हणाला, "हा फिरते तवा पंप फिरते, काकू. सारा भार याच्यावरच असते जी." आणि पांढुर्ण्याची बस पकडायला पळाला.

घासतं तिथं तूप लावायचं, एवढं पंचफुलाला कळत होतं. तिनं त्या पट्ट्याला आतून बाहेरून, हात पोचेल तिथपर्यंत, मायेनं तूप-हळद चोपडली. आवतणही दिलं.

दुसऱ्या दिवशी गाडी नवरदेवासारखी सजली. बॉनेटवर झूल, आरशांना बेगड, पुढच्या दांड्याला घुंगरमाळा. पंचफुलानं टायर धुतले, कुंकू लावलं, औक्षण केलं आणि हिरव्या लुगड्याचा पदर खोचून आत बसली. यशवंतराव फेटा बांधून पुढं चालू लागले. दारापासून मैदानापर्यंत गल्ली नाकासमोर सरळ होती. घुंगरं वाजत होती, पोरं धावत होती, दारादारातून बाया बघत होत्या. पंचफुलाची छाती भरून आली. हे लपवायचं कारण नाही, तिला स्वतःचा फार अभिमान वाटला.

मैदानावर जोड्या रांगेत उभ्या होत्या. गाडी पुढं आली तशी मधुकरनं हात वर करून झडती म्हटली. पोळ्याला अशी यमकं जुळवून एकमेकांना टोचायची असतात, त्याचा राग धरायचा नसतो:

"बिनशिंगाचा बैल आणला, त्याले दावं ना ठाव,
घागरभर पेट्रोल प्याला, तरी लागे ना गाव!"

सगळं मैदान हसलं. पंचफुलाही हसली, आणि देवळाच्या पहिल्या वळणावर तिनं नेहमीसारखं दोन बोटांनी चाक फिरवलं.

चाक फिरलं नाही.

तिनं पंजा लावला. बॉनेटखालून कर्रकन किंकाळी उठली, बाजूचे बैल बुजले, आणि चाक इंचभर हलून थांबलं. मग वास आला. तूप तापल्याचा, हळद करपल्याचा. रांगेतला एक म्हातारा मान वर करून कोणाकडं पुरणपोळी भाजून राहिले ते बघू लागला. पंचफुलाला मात्र एका क्षणात सगळं उमगलं. पट्टा तुपावर घसरत होता. पंप फिरत नव्हता. गाडीतला पावर तिनंच, स्वतःच्या हातानं, मायेनं चोपडून घालवला होता.

गाडी जवळजवळ थांबलीच होती. मागून मधुकरची जोडी फुरफुरली. कोणीतरी ओरडलं, जोडी अडली. यशवंतराव मागं वळून बघत होते. त्यांच्या तोंडावरचा रंग उतरला होता.

मग पंचफुलाला बंडी आठवली. कापसानं भरलेली बंडी चिखलात रुतली की उभ्या जागी वळवायला जाणारा हात मोडून घेतो. आधी तिला हालतं करायचं, मग वळवायचं. तिनं गाडी हळूच पुढं सोडली. टायर हलले तशी दोन्ही हातांनी चाकाला वरून धरलं, सीटवरून अर्धी उठली आणि अंगाचा सगळा भार खाली टाकला. चाक वळलं. परत सोडली, परत ओढलं. बांगड्या फुटल्या, मनगटावर रक्त आलं, घाम डोळ्यांत उतरला. पट्टा किंचाळत होता, लोक हसत होते, ती काही ऐकत नव्हती. देवळाचा दुसरा कोपरा गेला. तिसऱ्याला खांद्यातून कळ उठली आणि तिनं ओठ दाबून धरला. शेवटच्या वळणाला हसणं थांबलं होतं. काय बिघडलंय हे कोणाला कळलं नसेल, पण बाई झुंजून राहिली, एवढं सगळ्यांना दिसत होतं. मधुकरनं आपली जोडी कासऱ्यानं मागं खेचून धरली होती.

आंब्याच्या पानांचं तोरण टपावरून घासत गेलं. पलीकडं जाऊन पंचफुलानं गाडी उभी केली. तिचे हात चाकावरून सुटेनात.

यशवंतराव खिडकीपाशी आले. काय झालं, असं त्यांनी हळू विचारलं.

"पावर नोहता," ती म्हणाली. "काल राती म्या पट्ट्याले तूप लावलं. तवापासूनच नसन."

"मंग वळवली कशी?"

तिनं नुसते हात वर करून दाखवले. मनगटांवर फुटक्या बांगड्यांचे ओरखडे होते.

यशवंतराव त्या हातांकडं बघत राहिले. ज्या गाडीचं चाक एका बोटानं फिरतं म्हणून त्यांनी साऱ्या मुलखाला सांगितलं होतं, ते आज काय वजनाचं होतं हे त्यांना त्या हातांवर दिसलं.

एवढ्यात कोतवाल तोरणाखाली आला. पहिली जोडी पार झाली की तो मालकाला नाव विचारतो आणि गावाला ओरडून सांगतो, तशी रीतच आहे. विचारायची गरज नसते, तरी विचारतो. त्यानं विचारलं, पहिला मान कोणाचा?

त्या गावात नवरा बायकोचं नाव घेत नाही. लग्नाच्या उखाण्यात एकदा घेतलं ते घेतलं, पुढं जन्मभर अमक्याची माय. यशवंतरावांनीही इतक्या वर्षांत तिला नावानं हाक मारली नव्हती, घरात नाही, मळ्यात नाही. ते गाडीपासून दोन पावलं पुढं झाले, चांगला हात फेट्याला लावला आणि सगळ्या गावाला ऐकू जाईल असं बोलले.

"पंचफुलाचा," ते म्हणाले. "पंचफुला खवशे हिचा."

कोतवालानं तेच नाव तोंड भरून ओरडलं, आणि पहिला "हर बोला"चा गजर मधुकर गावंड्यानं केला. सारं गाव गाडीकडं बघत होतं. अशा वेळी बाईनं पदर पुढं ओढायचा असतो. पंचफुलाचा पदर मागं सरकला होता, आणि तिनं तो तसाच राहू दिला.