ब्रूच्या तोंडून

बंदुकीचा दस्ता म्हाताऱ्या बांदेच्या जबड्यावर बसला, तेव्हा हाड मोडल्याचा आवाज चुलीपाशी उभ्या असलेल्या अफुएला स्पष्ट ऐकू आला. सासरा अंगणात आडवा झाला. रक्ताबरोबर त्याचे दात मातीत पडले. अफुएच्या पाठीवर बांधलेला ब्रू अजून धड रांगतही नव्हता. तो रडायचा थांबला आणि टक लावून आजोबाकडे बघू लागला.

"वहिनी, आता तरी सांग," सिआका म्हणाला. "कुआमे कुठाय?"

वहिनी म्हणे! लाज कशी वाटली नाही मेल्याला. हा कुणी परका असता तर एक वेळ समजलं असतं. कापडं विकणाऱ्या, ज्युला जमातीच्या बापाचं हे पोर याच अंगणात वाढलं होतं. बाप गावोगाव हिंडायचा आणि हा बांदेच्या घरचा कुटलेला कंद खाऊन, तिच्या नवऱ्याच्या, कुआमेच्या अंगावर लोळून मोठा झाला होता. त्यांची बेंग भाषा तर तो जन्माच्या बेंग माणसासारखी बोलायचा. मग शहरात शिकायला गेला, आणि परत आला तो बंडखोरांचा म्होरक्या होऊन.

परवा नाक्यावर त्याच्या एका माणसाने अफुएच्या कमरेला हात घातला होता. कुआमेने कोयता उचलला आणि त्या माणसाचा हात मनगटापासून तोडला. तेव्हापासून ते कुआमेला शोधत होते. कुआमे होता त्याच अंगणात, स्वयंपाकाच्या झोपडीतल्या माळ्यावर, धुरावर वाळत ठेवलेल्या मक्याच्या कणसांमागे. खालचं सगळं त्याला ऐकू येत होतं.

सिआकाबरोबरच्या दोघांनी निजायच्या झोपडीला पलिता लावला. वाळकं गवत भुर्रकन पेटलं. ते हसले आणि ज्युला भाषेत काहीतरी बोलले. त्यातल्या एकाने स्वयंपाकाच्या झोपडीकडे बोट दाखवलं. अफुएला ज्युला येत नव्हती, पण ब्रूला येत होती. म्हणून तिने हात मागे नेऊन त्याचे कान झाकले.

यात तिला काडीची शंका नव्हती. मूल वुरुग्बेहून, पूर्वजांच्या गावाहून येतं. म्हातारी माणसं मेल्यावर तिथेच परत जातात. तिथे सगळ्या जमातींचे लोक एकत्र राहतात आणि सगळ्या भाषा बोलतात. त्यामुळे तान्ह्या मुलाला सगळं कळतं. इथल्या माणसांत राहून ते हळूहळू एक भाषा सोडून बाकीच्या विसरतं. एकदा शाळेच्या मास्तरांनी गावात येऊन सांगितलं होतं, की मुलाचं डोकं रिकामं असतं, आपण बोलतो ते ऐकून ऐकून ते भरतं. बांदे पोट धरून हसला होता. "मास्तर, तुमचं सगळं उलटं आहे. आम्ही शिकवत नाही, विसरायला लावतो!" तेव्हा छोट्या सिआकाने विचारलं होतं, "म्हणजे बाळांना माझी ज्युला कळते?" बांदे म्हणाला होता, "तुझ्या बापापेक्षा चांगली कळते."

हे सगळं सिआकाच्याही लक्षात होतं. त्याने पलितेवाल्याला हाताने थोपवलं आणि तो अफुएच्या मागे जाऊन उभा राहिला.

"तुला नाही विचारत मी," तो म्हणाला. "ब्रूला विचारतो. काय रे ब्रू, बाबा कुठाय तुझा?"

गावात बाळांशी सगळेच असं बोलायचे. येणारी बाई विचारायची, "काय रे, झोपलास का रात्री?" आणि ज्याच्या कडेवर मूल असेल तो मुलाच्या वतीने उत्तर द्यायचा, "कुठला झोपतोय, बाबा घोरतो ना!" थट्टा चालायची, टोमणे चालायचे. पण मुलाच्या तोंडी खोटं घालायचं नाही. मूल विटतं. कसल्या माणसांत येऊन पडलो म्हणतं, आणि झोपेतच परत निघून जातं. अफुएची पहिली मुलगी अशीच एका सकाळी उठली नव्हती. कोणी तिच्या तोंडी काय घातलं होतं, हे अफुएला कधीच कळलं नाही. त्या गोष्टीने तिला आतून पोखरलं होतं.

"भावजी, तुम्ही शिकलेले. तुमचा कुठे विश्वास आहे यावर?" ती म्हणाली.

"माझा नाही," सिआका म्हणाला. "मास्तर बोलतात तेच खरं. पण तुझा आहे ना? बोल ब्रू. नाहीतर ही दुसरी झोपडी पण पेटवतो."

पलिता छपराजवळ गेला. माळ्यावर कणसं किंचित सरकली. ते फक्त अफुएला ऐकू आलं.

तिने ब्रूला सोडून पुढे घेतलं, छातीशी धरलं, आणि बाळांसाठी काढतात तसा बारीक आवाज काढला. "काका, बाबा नदीपलीकडे गेला. मासे धरणाऱ्यांच्या खोपटात झोपतो. जाताना माझा पापा घेतला त्याने."

सिआका तिच्या तोंडाकडे बघत राहिला. बेंग आई काय करू शकते आणि काय करू शकत नाही, हे आपल्याला पक्कं माहीत आहे असं त्याला वाटत होतं. तो साथीदारांकडे वळून ज्युला भाषेत काहीतरी म्हणाला. त्याबरोबर ब्रूने टाहो फोडला. नदीकडे जाता जाता त्यांनी खुंट्याला बांधलेली शेळी गोळी घालून मारली आणि पलिता तिच्या अंगावर फेकला.

ते झाडीत दिसेनासे झाले, तसा कुआमे माळ्यावरून उतरला. बापाकडे बघायच्या आधी तो अफुएकडे आला आणि त्याने तिच्या थोबाडीत मारली. ती पोरासकट भिंतीवर आदळली.

"त्याच्या तोंडी खोटं घातलंस? माझ्यासाठी? मेलो असतो मी, त्याचं काय एवढं!"

"मग उतरायचं होतंस!" अफुए किंचाळली. "बापाचा जबडा फुटत होता तेव्हा उतरायचं होतंस! तोंड वर करून मला मारतोस?" तिने चुलीतलं जळकं लाकूड उचललं आणि त्याच्या खांद्यावर हाणलं. ठिणग्या उडाल्या. त्याने हात वर केला नाही. दुसऱ्यांदा मारलं तेव्हाही नाही. तो खाली बसला आणि रडायला लागला.

नदी लांब नव्हती. खोपट रिकामं दिसताच ते परत येणार होते, त्यांना जंगल गाठायला हवं होतं. पण अफुए हलेना. पाठीवर घेतलं की ब्रू झोपणार, आणि झोपेत ही मुलं काय करतात ते तिने पाहिलं होतं. आधी त्याला विचारायला हवं होतं.

ती गुडघ्यांवर बसली. "ब्रू, मी तुझ्या तोंडी खोटं घातलं. मारायचं तर मला मार. पण जाऊ नकोस. राहशील ना?"

आता कोणीतरी ब्रूच्या वतीने उत्तर द्यायला हवं होतं. तिचं स्वतःचं तोंड विटाळलेलं. खोटं ज्याच्यासाठी घातलं त्या कुआमेला तर बोलायची सोयच नव्हती. तेवढ्यात बांदेने मातीतूनच दोन्ही हात पुढे केले. अफुएने मूल त्याच्या छातीवर ठेवलं.

म्हातारा बोलायला गेला. जबडा लोंबत होता, जीभ रक्तात बुडाली होती. शब्द म्हणून एक उमटला नाही. नुसतं "आ... बा... आ..." असं काहीतरी आलं.

"काय म्हणाला?" कुआमेने विचारलं.

बांदेने पुन्हा प्रयत्न केला. वेदनेने त्याचे डोळे फिरले, पण आवाज तोच आला. "आ... बा..."

ब्रूने हात उचलला. त्या फुटक्या ओठांत बोटं घातली, रक्ताने लाल झालेली बोटं पाहिली, पुन्हा आजोबाच्या तोंडाकडे बघितलं. आणि त्याच्यासारखंच तोंड वेडंवाकडं करून म्हणाला, "आ... बा."

याआधी त्याने कधी कोणाच्या मागून काही म्हटलं नव्हतं.

"राहतोय म्हणाला का?" कुआमेने घाबरत विचारलं. "सांग ना. काय म्हणाला तो?"

अफुएने ब्रूला उचलून पाठीशी घट्ट बांधलं आणि सासऱ्याच्या काखेत हात घातला.

"ते त्याचं त्याला माहीत," ती म्हणाली. "यापुढे त्याच्या तोंडून कोणी बोलायचं नाही. चल, उचल यांना."