सायरनची चाचणी

"शिरा दिला आणि पाठवून दिलं त्याला," जयप्रकाशकाका हसत म्हणाले. "कीर्तनात सायरन वाजवून बघणार म्हणे! म्हटलं, पुढच्या महिन्यात ये."

मी हातातले टाळ खाली ठेवले. रॉटरडॅममधलं हे वस्तीचं सभागृह आम्हाला फक्त शनिवारी मिळतं. एरवी तिथल्या काउंटरवर आमची चारुता एकटी बसते. गेल्या आठवड्यात एका माणसानं तिथंच तिचा गळा धरला होता. त्यानंतर तिनं साहेबांशी भांडून धोक्याचं बटण मंजूर करून घेतलं, आणि ते बसवणाऱ्यालाच काकांनी परत धाडलं होतं.

"काका, सोमवारी त्या खुर्चीत तुम्ही बसणार का?"

"अगं, बुवांचं नमन सुरू होतंय. देव आहे ना पाठीशी!"

"देवानंच धाडला होता त्याला. तुम्ही शिरा देऊन वाटेला लावलात!"

कीर्तन म्हणजे माझा जीव की प्राण. तरी मी अनवाणीच बाहेर धावले. तो माणूस व्हॅनमध्ये बसून अजून शिराच खात होता. मी त्याला अक्षरशः ओढत आत आणलं. पेटी थांबली. बुवांनी चिपळ्या खाली ठेवल्या.

बटण बसलं. कीर्तनाला आलेल्या चारुतानं उठून ते दाबलं आणि सभागृह दणाणून गेलं.

"पुरे गं, पुरे!" काका कान झाकून ओरडले.

तिनं त्यांच्याकडे रोखून बघितलं, आणि पुन्हा दाबलं.