भागूची घागर

यशश्रीनं तांब्याची घागर उपडी केली, बुडावर बोटाचं पेर वाजवलं आणि कान लावला. नववीची सुट्टी लागल्यापासून ती दिवाकरकाकांच्या भांडी बाजारातल्या दुकानात बसायची. परवाच तिनं ॲसिड लावून हिरवी केलेली ‘पेशवाई’ समई पकडली होती. तेव्हापासून जुनं भांडं आलं की काका आधी तिच्यापुढे सरकवत.

“नवीकोरी आहे, आज्जी!” ती हसली. “केवढी लखलखतेय! कुणीतरी गंडवलं तुम्हाला.”

समोर बसलेल्या कुसाबाईंनी पदरानं तोंड पुसलं.

“इकत नाय घेतली, बाय. कळवणाला आमच्या हिरीचा काल गाळ काढला, त्यात घावली. माझी बहीन भागू पाण्याला गेली ती आलीच नाय. चाळीस वर्सं झाली. पळाली म्हनून समदे थुकले. मी बी. आता ही तिचीच घागर असंल, तर ती हिरीतच गेली. मंग पितरांत तिचं पान ठेवीन. जित्या मानसाचं कसं ठेवायचं?”

यशश्रीचं हसू विरलं. तिनं भिंग उचललं. पोटावरचा सांधा दातेरी, हातानं ठोकलेला. हातोडीचा एक घाव दुसऱ्यासारखा नाही. काठाखाली छिन्नीच्या ठिपक्यांनी पाडलेलं नाव: भागू.

“जुनीच आहे, आणि नावही भागूचंच,” ती म्हणाली. “पण काका, इतकी वर्षं गाळात राहिलेलं तांबं काळंहिरवं पडायला हवं ना?”

काकांनी घागर उजेडात धरली.

“बूड बघ. कागदासारखं झिजलंय. रोज घासल्याशिवाय असं होत नाही. आज्जी, काल तुम्ही घासलीत?”

“हात बी नाय लावला. अशीच घावली.”

यशश्रीनं पुन्हा भिंग लावलं. बारीक ओरखडे, अगदी ताजे, सगळे उलट्या, डाव्या अंगाला वळलेले.

“घासणारी डावखुरी आहे,” ती उत्साहात बोलून गेली.

कुसाबाईंचा पदर हातातच राहिला.

“आय लय मारायची तिला त्यापायी,” त्या म्हणाल्या.

यशश्रीनं भिंग ठेवून बोटं नाकाशी नेली. ओल्या चिंचेचा वास.

“मंग सांग की, पोरी. पान ठेवू का नको?”

यशश्रीनं काकांकडे पाहिलं. ते भिंग पुसत होते, नुसतेच पुसत होते.

मग कुसाबाई उठल्या. घागर त्यांनी लेकरासारखी कमरेवर घेतली.

“पान ठेवते,” त्या म्हणाल्या. “आन ही आजच हिरीत सोडते. तिकडं शोधत असंल ती.”