पोटावरचा चौकोन

"आई, फुलपाखरू उडालं!"

न्हाणीघरातून ही हाक आली की सुनंदाच्या हातातली पोळी तव्यावर पडायच्या आधीच थांबायची.

फुलपाखरू म्हणजे सुई. बोटाच्या पेराहून आखूड, दोन्ही बाजूंना प्लास्टिकचे निळे पंख. ती माणिकच्या पोटाच्या कातडीखाली सरकवायची आणि पंखांवर चिकटपट्टी दाबून बसवायची. सुईतून एक बारीक नळी निघून कमरेच्या पिशवीतल्या यंत्रात जायची. साबणाच्या दोन वड्या एकीवर एक ठेवल्या तर होईल एवढं ते यंत्र, दिवसरात्र कणाकणानं इन्सुलिन सोडत राहायचं. बालाघाटात तसलं यंत्र कुणी डोळ्यांनी पाहिलेलं नव्हतं. नागपूरच्या डॉक्टर त्र्यंबकरावांच्या मित्रानं अमेरिकेहून ते आणलं, आणि डॉक्टरांनी महिनाभर वापरून बघा म्हणून माणिकला दिलं. पिशवी सुनंदानं शिवली, आपल्या निळ्या ब्लाउजच्या उरलेल्या कापडाची. माणिक ती अशी मिरवायची की शेजारच्या पोरींना वाटे, हिला काहीतरी बक्षीसच मिळालंय.

नऊ वर्षांची पोर. साखरेचा आजार सहाव्या वर्षीच निघाला. त्यानंतर रोजची इंजेक्शनं, घड्याळाकडे बघून जेवण, आणि तरीही शाळेत दोनदा चक्कर येऊन पडली. दुसऱ्यांदा पडली तेव्हा हेडमास्तरीणबाईंनी निरोप धाडला, "बच्ची को घर पर ही रखिए." यंत्र लागल्यापासून माणिक एकदाही पडली नव्हती. शाळेत जात होती, लंगडी खेळत होती.

पण पोट! पट्टीखालची कातडी लाल झाली, मग त्यावर बारीक पाण्याचे फोड आले. पोर झोपेतही खाजवायची. आणि पट्टी तर दिवसभरही टिकत नव्हती. सुई निसटली की इन्सुलिन फ्रॉकमध्ये आणि साखर वर. परीक्षानळीतल्या निळ्या औषधात लघवीचे थेंब टाकून सुनंदा स्पिरिटच्या दिव्यावर उकळायची. निळं ते निळंच राहिलं की जीव भांड्यात पडायचा. सुई निसटल्या दिवशी मात्र साखरेनं नळीत विटेचा रंग उतरायचा.

मागल्या सोमवारी डॉक्टरांनी पोट पाहिलं आणि चष्मा काढून टेबलावर ठेवला. "सुनंदाबाई, यंत्र उत्तम चाललंय. पण सुई अशी निसटत राहिली तर पोरगी धोक्यात येईल, आणि फुटलेल्या कातडीत पू व्हायला वेळ लागत नाही. आठ दिवस देतो. सुधारलं नाही तर आपली इंजेक्शनंच बरी. येताना यंत्राचं खोकं सोबत आणा, परत भरून ठेवू."

खोकं कपाटावर होतं. सुनंदा येताजाता त्याच्याकडे बघायची नाही.

मंगळवारी दुपारी गोदाबाई आली. गोदाबाई कासारीण. बांगड्यांची पेटी घेऊन सगळ्या सरकारी क्वार्टरांतून फिरायची. ओसरीवर पेटी उघडली की आधी बांगड्यांचा आणि मग गावच्या बातम्यांचा ढीग पडायचा. माणिक टिकल्यांच्या पाकिटांवर वाकली, तसा तिचा झंपर वर सरकला.

"अगं माय! हे काय व बाई, पोरीच्या पोटाले काय झालं?"

"सुईनं झालं असंल," सुनंदा म्हणाली. "नाहीतर औषधानं."

गोदाबाईनं माणिकला जवळ ओढलं, उजेडाकडे वळवलं. बांगडी भरताना ज्या नजरेनं ती हात बघायची त्याच नजरेनं पोट बघितलं.

"सुई कुठं टोचता?"

"इथं, मधात."

"मंग मधात तं काहीच नाही! लाल हाये तं चारी कोपरे धरून. कैचीनं कापल्यासारखा चौकोन हाये पाहा. सुईनं झालं असतं तं टोचल्या जागी झालं असतं. हे गोंदाचं काम हाये, बाई."

"गोंदाचं? पट्टीच्या डिंकाचं?"

"या चिपकणाऱ्या टिकल्या निघाल्या तवापासून मी हेच पाहून राह्यली. गोल टिकली लावली तं गोल डाग, लांब लावली तं लांब डाग. कपाळच सांगते कोनती टिकली होती ते."

सुनंदा पोटाकडे बघत राहिली. रोज दहादा बघितलेलं पोट. तीन आठवडे ती सुईला आणि औषधाला दोष देत होती, आणि चौकोन असा समोर होता, पाटीवर काढल्यासारखा.

"मग तुम्ही काय करता?"

"नवी टिकली कोनाले दिली तं म्हणते, आधी दंडाच्या आतल्या अंगाले लाव. एक दिवस ठेव. खाजलं तं टिकली माह्या पेटीत वापस." गोदाबाईनं पदरानं मान पुसली. "पन ही पट्टी निघते काहून? घामानं?"

"घामानंच असंल. मी तर इतकं जपून करते. जुनी पट्टी ओढून काढत नाही, पोरीले दुखते म्हणून. खोबरेल कोमट करते, पट्टीभोवती लावते, हळूहळू सोडवते. मग मऊ फडक्यानं पुसून नवी लावते."

गोदाबाई हसायला लागली ती हसतच सुटली. पेटीतल्या बांगड्याही तिच्याबरोबर किणकिणल्या.

"तेलावर? व माय! तेल चोपडल्या कपाळावर तुमची टिकली बसली का कधी?"

माणिकही टाळ्या पिटून हसली. सुनंदाला आधी राग आला, मग तीही हसली, आणि हसता हसता तिच्या डोळ्यांत पाणी आलं. लेकीला दुखू नये म्हणून लावलेलं ते तेल! पट्टी सुटली की ती आणखी मोठी पट्टी लावायची, मोठ्या पट्टीखाली आणखी लाली, आणि लाली बघून आणखी तेल. मायेनंच घोळ घातला होता म्हणायचा.

"मावशी," ती डोळे पुसत म्हणाली, "चहा घेतल्याबिगर जायचं नाही आज."

संध्याकाळी माणिकचे वडील गुणाकरराव कचेरीतून आले तर हातात चिठ्ठी पडली: दुकानात मिळतील तितक्या तऱ्हेच्या चिकटपट्ट्या. चार मिळाल्या, त्यांतली एक कागदासारखी पातळ. सरकारी दवाखान्यातल्या लीलाबाई सिस्टरनं शिवाय एक छोटी बाटली दिली. लोबानाच्या वासाचं तपकिरी औषध. ते कातडीवर लावून वाळू दिलं की पट्टी घट्ट धरते म्हणाली.

बुधवारी माणिकच्या दंडावर चार तुकडे लागले, पाचवा तपकिरी औषधाचा ठिपका. एकटीच काय म्हणून करील, तर सुनंदानं आपल्याही दंडावर तसेच लावून घेतले. माणिकनं पेनानं त्यांच्यावर क, ख, ग, घ लिहिलं.

"आई, तुझा 'क' खाजतो का?"

"खाजतो की."

"मेरा भी! मग तो नापास."

गुरुवारपर्यंत क, ख आणि घ नापास झाले. कागदी 'ग' पास, ठिपकाही पास.

मग सुनंदानं कामाची रीतच बदलली. तेल जुनी पट्टी सोडवायला, बस, एवढंच. त्यानंतर साबण आणि भरपूर पाणी. मग कोरडं फडकं, मग पंख्याखाली पाच मिनिटं उघडं पोट, आणि माणिकनं तोंडानं घातलेली फुंकर बंद, कारण तोंडाचा ओलावा लागतो. जुना चौकोन मोकळाच ठेवायचा, सुई दुसऱ्या अंगाला. टोचायची जागा सोडून भोवती तपकिरी औषध, ते वाळून चिकचिकायला लागलं की सुई, वर कागदी पट्टी. नळीला एक छोटा वळसा देऊन तिला वेगळा तुकडा, म्हणजे पिशवीला हिसका बसला तरी ओढ सुईपर्यंत पोचायची नाही.

आणि शुक्रवारी दुपारी माणिक शाळेतून आली ती रडवेलीच.

"उडालं."

परीक्षानळीत विटेचा रंग. डॉक्टरांनी लिहून दिल्याप्रमाणे सुनंदानं इंजेक्शन दिलं, पाणी पाजलं, पोरीला मांडीवर घेऊन बसली. गुणाकरराव खुर्चीवर टेकले आणि हलकेच म्हणाले, "राहू दे ना सुनंदा. इंजेक्शन होतं तेव्हाही दिवस जातच होते. काहून एवढं मनाले लावून घेतेस?"

सुनंदा सुटलेली पट्टी उलटीपालटी करून बघत होती. तीन कडा नीट होत्या. खालची तेवढी गुंडाळली गेली होती, आणि तिच्यावर निळे धागे.

"माणिक, उभी राहा बाळ. निकर नीट वर ओढ."

निकरचं निळं इलॅस्टिक बरोबर पट्टीच्या जागेच्या खालच्या कडेवर येत होतं. लंगडी घालताना ते वरखाली घासलं, आणि पट्टी सोलत गेली.

"हे पाहा," ती नवऱ्याला म्हणाली, "औषध चुकलं नाही, पट्टी चुकली नाही. जागा चार बोटं वर पाहिजे होती."

शुक्रवारी संध्याकाळी सुई चार बोटं वर गेली. शनिवार गेला, माणिक मुद्दाम दोनदा लंगडी खेळून आली. रविवारी सकाळी ठरल्याप्रमाणे सुई बदलली. जुनी पट्टी तेलानं सोडवावी लागली इतकी घट्ट होती. खालची कातडी जराशी गुलाबी, बस. परीक्षानळी दोन्ही दिवस निळी.

सोमवारी पहाटेच्या बससाठी निघताना गुणाकरराव दारात थांबले. "खोकं घेतलं का?"

"नाही."

"डॉक्टरांनी सांगितलं होतं ना आणायले?"

"हौ, सांगितलं होतं," सुनंदा म्हणाली आणि माणिकच्या वेणीची रिबीन घट्ट केली.

नागपूरला दवाखान्यात डॉक्टरांनी माणिकला टेबलावर निजवलं. जुना चौकोन आता फिकट तांबूस होता, फोडांच्या खपल्या सुटत आल्या होत्या. दुसऱ्या अंगाला कालची पट्टी, बसचे धक्के आणि वाटेतला घाम सोसून कोपऱ्याकोपऱ्यात बसलेली. डॉक्टरांनी खालची कातडी बघायला नखानं कोपरा उचलून पाहिला. उचलला जाईना. त्यांनी जोर लावायला घेतला.

"थांबा, डॉक्टरसाहेब. ओढू नका."

आपला आवाज इतका स्पष्ट निघेल असं सुनंदाला वाटलं नव्हतं. पिशवीतून तिनं खोबरेलाची बाटली काढली, कापसानं पट्टीच्या कडेकडेनं तेल लावलं, आणि थांबली. डॉक्टरही हात मागे घेऊन थांबले. दोन मिनिटांनी पट्टी अलगद सुटून आली. माणिकचे डोळे मिटलेलेसुद्धा नव्हते.

"आता साबण लागेल," सुनंदा म्हणाली. "आणि पंखा या बाजूला वळवा."

डॉक्टरांनी स्वतः उठून पंखा वळवला. नवी सुई बसेपर्यंत ते शेजारी उभे राहून बघत होते, मधेच विचारत होते: हे तपकिरी किती वाळवायचं, हा नळीचा वळसा कशाला. शेवटी म्हणाले, "कोणी शिकवलं हे?"

"बांगडीवाल्या मावशीनं!" माणिक टेबलावरून उठत म्हणाली. "आणि मी पण. मी फुंकर घालत नाही आता."

डॉक्टर हसले. मग काहीतरी आठवून त्यांनी सुनंदाच्या पिशवीकडे पाहिलं. "खोकं आणलंत?"

"नाही आणलं."

त्यांनी चष्मा लावला, माणिकचा कागद पुढे ओढला आणि पुढच्या महिन्याची तारीख लिहिली.